झोपाळ्याची फळी कोणी मोडली?

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटेल असे तपशील बदलून)

"सासरचं घर गुहागर तालुक्यात आहे, समुद्रापासून पाच मिनिटांवर. चिरेबंदी घर, पुढे ओटी, मागे पडवी, पडवीत सासऱ्यांचा झोपाळा. ते गेल्यावर घर बंद पडलं, वाळवी लागली, म्हणून तीन वर्षांपूर्वी डागडुजी करून पर्यटकांना द्यायला लागलो. आम्ही पुण्यात असतो, सासूबाई आमच्याकडेच. तिथलं सगळं शेजारचे एक काका बघतात. गेल्या दिवाळीत सहा जणांचं बुकिंग होतं, आले नऊ. ते गेल्यावर पाहिलं तर झोपाळ्याची फळी चिरलेली, तीन चादरींवर हळदीचे डाग, न्हाणीघरातला नळ मोडलेला, खोलीतल्या फरशीवर ओरखडे. मिस्टरांनी साडेसहा हजार मागितले. त्यांनी एक पैसा दिला नाही, वर दोन तारे देऊन 'कंजूष मालक' असं लिहून गेले. आता मिस्टर म्हणतात, दहा हजार अनामत घ्यायची आणि ग्लासपासून पलंगापर्यंत प्रत्येक वस्तूचा दर लिहून भिंतीवर लावायचा. सासूबाई म्हणतात, घरी आलेल्या माणसाकडून फुटल्या ग्लासाचे पैसे मागायचे असतील तर घर पुन्हा बंद करा. त्या रागात मिस्टरांनी काकांच्या पगारातून पाचशे रुपये कापले, लक्ष ठेवलं नाही म्हणून. मला तेव्हापासून चैन नाही. किती सोसायचं आणि कुठे मागायचं?"

ताई,

सगळ्यात आधी काकांचे पाचशे रुपये परत करा. बाकीचं सावकाश ठरवता येईल, हे मात्र या आठवड्यात करा. आणि नुसते खात्यात टाकू नका, मिस्टरांनी स्वतः फोन करून "तेव्हा रागात चुकलं" असं म्हणावं. नऊ माणसं गाड्यांतून सामान काढत असताना एकट्या माणसाने दारात उभं राहून "तुम्ही सहाच येणार होतात" असं म्हणायचं, हे त्यांच्याकडून अपेक्षित होतं का? तसं त्यांना कधी सांगितलं होतं का? आणि एक व्यवहाराची गोष्ट. ज्याचा पगार कापला जातो तो माणूस पुढच्या वेळी मोडलेली वस्तू तुम्हाला दाखवत नाही, लपवतो. पुण्यात बसून घर चालवणाऱ्याला ते परवडणारं नाही. तुमचे डोळे आणि कान तेच आहेत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मिस्टर आणि सासूबाई यांचं भांडण तुम्ही "पैसे मागायचे की नाही" असं मांडलं आहे. मला ते तसं वाटत नाही. मिस्टर आलेल्या माणसाला गिऱ्हाईक समजतात, सासूबाई पाहुणा समजतात, आणि दोघंही अर्धे बरोबर आहेत. तो पैसे देऊन आलेला आहे, त्यामुळे सासूबाईंच्या अर्थाने पाहुणा नाही. पण तो तुमच्या ओटीवर बसतो, तुमच्या पलंगावर झोपतो, म्हणून दुकानातल्या गिऱ्हाइकासारखा गल्ल्यापलीकडे उभा राहणाराही नाही. दोघांनी मिळून एक गोष्ट मात्र गृहीत धरली आहे, ती म्हणजे वस्तू जशी दिली तशीच परत मिळायला हवी. ती मिळाली नाही की एकाला तोटा दिसतो आणि दुसरीला अपमान.

जरा आठवून पाहा. सासरे असताना गणपतीत त्या घरात किती माणसं उतरायची? वीस-पंचवीस तरी असतील. तेव्हाही कपबश्या फुटल्या असतील, कुणा भाच्याने खिडकीची कडी उपटली असेल, गाद्यांवर लहान मुलांनी जे करायचं ते केलं असेल. कुणी मोजलं नाही, कारण मोजायचं कारण नव्हतं. घर वापरलं की झिजतं. आता गर्दीचे दिवस वर्षातून पाचाऐवजी कितीतरी जास्त झाले, एवढाच फरक.

त्या पाहुण्यांनी केलेल्या नुकसानाकडे एकेक करून बघू या.

नळ. समुद्रापासून पाच मिनिटांवरच्या घरात नळ, कड्या, बिजागऱ्या, गीझरची जोडणी, सगळ्याला खारी हवा खाते. वरून चकचकीत दिसणारा नळ आतून तीन वर्षं कुजत असतो. एक दिवस कुणीतरी तो जरा जोरात फिरवतं आणि तो हातात येतो. तो माणूस फक्त शेवटचा हात असतो. त्याच्याकडून नळाचे पैसे मागणं म्हणजे तीन वर्षांच्या खाऱ्या हवेचं बिल त्याला लावणं. नळ तुमचा खर्च.

चादरी. हळद सगळ्यांना घाबरवते, पण ती उन्हाला टिकत नाही. आपण काय करतो, डाग दिसला की साबण चोळतो. साबण लागला की पिवळा डाग लालभडक होतो आणि आपल्याला वाटतं, चादर गेली. गेलेली नसते. धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात डागाची बाजू वर करून घाला, बहुतेक वेळा डाग फिका होत जातो. काकांना हे सांगा आणि त्या तीन चादरी आधी पाहा, कदाचित कपाटात विनाकारण बाजूला पडल्या असतील. आणि ताई, कोकणात माणूस माशाचं कालवण खायलाच येतो. जेवायला नीट जागा नसेल तर ताट पलंगावर जातं. ओटीवर एक लांब टेबल आणि दोन बाकडी आहेत का?

ओरखडे. नऊ जणांनी पलंग ओढून एकत्र केले असणार. पलंगाच्या पायांना खालून जाड नमद्याचे तुकडे चिकटवा. दुसरी शक्यता वाळूची. समुद्रावरून आलेली वाळू पायाखाली घासली गेली की कितीही चांगली फरशी भुरकट होते. जुन्या घरांत दारापाशी पाणी भरलेली दगडी डोण आणि तांब्या असायचा, आत येणारा पाय धुऊनच यायचा. आता तिथे एक नळ, एक दगड आणि एक काथ्याचं पायपुसणं ठेवा. पाटी लावायची गरज पडत नाही, नळ दिसला की लोक आपोआप पाय धुतात.

माझ्या मामेभावाची दापोलीकडे अशीच तीन खोल्यांची जागा आहे आणि हिशोब मी लिहिते, म्हणून हे इतक्या खात्रीने सांगते. पहिल्या दोन मोसमांत आम्हीही पाहुण्यांना दोष देत होतो. खुर्च्यांची पाठ काळी पडायची, दरवाज्यांचं रोगण सुटायचं. मग एकदा मी तिथे राहिले असताना पाहिलं, लोक समुद्रावरून ओले कपडे घेऊन येतात आणि वाळत घालायला अंगणात दोरीच नाही! मग ते कपडे खुर्चीवर, दारावर, झोपाळ्यावर पडतात. आम्ही मागे दोन दोऱ्या बांधल्या, चिमट्यांची टोपली ठेवली, न्हाणीघरात खुंट्या वाढवल्या. पुढच्या वर्षी रोगण टिकलं. त्याच वर्षी समुद्रासाठी जुने टॉवेल वेगळे ठेवले, आणि मे महिन्यात स्वयंपाकघरात एक बाटली खोबरेल आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवायला लागलो. शहरातल्या माणसाला फणस फोडायची हौस असते, पण चीक कशाने निघतो ते माहीत नसतं. तो पडदा घेतो. विळी किंवा सुरी आणि लाकडी पाट नसेल तर भाजी थेट ओट्यावर कापली जाते. बरंचसं नुकसान हे घराने न सांगितल्यामुळे होतं.

आता मिस्टरांच्या दरपत्रकाबद्दल. त्यांची काळजी मला कळते, पैसे कष्टाचे आहेत. पण ते ग्लासावर भांडत आहेत आणि घराच्या रंगाच्या खर्चाचा विचार करत नाहीत. कागद घेऊन बसा. मी उदाहरण म्हणून आकडे धरते, तुम्ही तुमचे घाला. वर्षाला नव्वद रात्री घर जातं असं समजू. नऊ हजारांची गादी पाच वर्षं टिकली तर ४५० रात्री, म्हणजे रात्रीला २० रुपये. तीन गाद्यांचे ६०. चादरीचा नऊशेचा संच ६० धुण्यांत विटतो, म्हणजे एका धुण्याला १५ रुपये. मुक्काम दोन रात्रींचा धरला तर तीन पलंगांचे रात्रीला साडेबावीस. वर्षाला सहा टॉवेल, अडीचशे रुपयांचा एक, रात्रीला १७. नळ, दिवे, बिजागऱ्या, गीझर अशी किरकोळ दुरुस्ती वर्षाला नऊ हजार, रात्रीला १००. दर तीन वर्षांनी आतून रंग, ५४ हजार, म्हणजे रात्रीला २००. आणि ग्लास? वर्षाला सहा फुटले, साठ रुपयांचा एक, तर रात्रीला ४ रुपये.

सगळं मिळून चारशेच्या घरात जातं. त्यातल्या ज्या चार रुपयांवरून घरात अबोला आहे, ते चार रुपये भाड्यात टाका आणि ग्लास विसरा. खरं तर सगळे चारशेच भाड्यात टाका आणि ते दर बुकिंगमागे वेगळ्या खात्यात ठेवा. ही झीज आहे, आणि झीज प्रत्येक पाहुण्याने थोडी थोडी आधीच दिलेली असली पाहिजे. पैसे वेगळे ठेवलेले असले की चादर खराब झाल्यावर पोटात गोळा येत नाही. जिथे हे खातं नसतं तिथे प्रत्येक डाग चोरीसारखा वाटतो. त्याशिवाय कुठलीही वस्तू घेताना एकाच मापाच्या आणि रंगाच्या दोन जास्त घ्या, म्हणजे एक गेली की अख्खा संच बदलायला नको. पांढऱ्या साध्या चादरी मला सगळ्यात सोयीच्या वाटतात, उन्हात बिनधास्त टाकता येतात. गाद्यांना पाणी न झिरपणारी खोळ घालाच.

कायदाही याच बाजूचा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेकरूने जागा घेतली तशी चांगल्या स्थितीत परत द्यावी असं म्हटलं आहे, पण वाजवी वापराने होणारी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीने झालेले बदल त्यातून वगळले आहेत. दोन रात्री राहणारा माणूस काटेकोर अर्थाने भाडेकरू नव्हे, पण तत्त्व धरायला ते चांगलं आहे. आणि भिंतीवर "टेबलाला ओरखडा: ५,००० रुपये" असं लिहिल्याने पाच हजार मिळतात असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा. म्हणजे दरपत्रकाने वसुली फारशी वाढणार नाही, आलेल्या माणसाला मात्र पहिल्या मिनिटाला आरोपी असल्यासारखं वाटेल. तुमच्या घरात त्याला पहिल्यांदा काय दिसावं, ही भिंत की ती पडवी?

मग मागायचं कुठे? जिथे सांगूनही ऐकलं नाही तिथे. सहाचे नऊ झाले, तिथे नक्की मागायचं. दिवाळीत तुमची खरी तक्रार तीच होती, पण तुम्ही ती चादरींच्या यादीत हरवून टाकली. बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा की सहापेक्षा जास्त माणसांना रात्रीला माणशी इतके, आणि आठच्या वर कुणीही नाही. माणसं जास्त आली तर काकांनी वाद घालायचा नाही, फक्त तुम्हाला फोन लावून द्यायचा. बोलणं तुमचं काम. मनाई केलेल्या खोलीत सिगारेट, जळलेली गादी, फोडलेला दरवाजा, रागाच्या भरात किंवा दारूच्या नशेत केलेली मोडतोड, इथेही संकोच न बाळगता मागा. मात्र वस्तूचं वय वजा करून मागा. नऊ हजारांची, पाच वर्षं टिकणारी गादी तीन वर्षं वापरून झाली असेल तर मागणी ३,६०० ची, नऊ हजारांची नव्हे. वाजवी मागणी माणूस बऱ्याचदा मान्य करतो. साडेसहा हजारांच्या आकड्यात नळ आणि हळद दिसली की तो योग्य तेवढंही देत नाही, हे तुम्ही अनुभवलंत.

निव्वळ अपघात असेल, म्हणजे मुलाच्या हातून खिडकीची काच फुटली, बाईंच्या हातून बरणी पडली, तर निम्मं-निम्मं सुचवा किंवा सोडून द्या. मी स्वतः सोडून देते, पण तो माझा स्वभाव झाला, नियम नव्हे.

मागायचं तर पुरावा लागतो आणि तो वेळेत लागतो. काकांना एवढंच सांगा: पाहुणे यायच्या आधी आणि गेल्यावर, झाडू मारायच्या आधी, सगळ्या खोल्यांतून फिरून मोबाइलवर पाच मिनिटांची चित्रफीत काढायची आणि तुम्हाला पाठवायची. वस्तू विकत घेतल्याच्या पावत्यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. एअरबीएनबीवरून बुकिंग असेल तर नुकसानीची मागणी पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांच्या आत करावी लागते, पाहुण्याला उत्तर द्यायला २४ तास मिळतात, आणि नेहमीच्या वापराची झीज त्यांच्या संरक्षणात येत नाही. अशा सेवांवरून आलेल्या पाहुण्याकडून बाहेरच्या बाहेर रोख अनामत घेण्याआधी त्या सेवेचे नियम वाचा, अनेकदा त्याला मनाई असते. थेट फोनवरून येणाऱ्यांकडून दोन-तीन हजारांची अनामत ठीक आहे, पण ती निघायच्या दिवशीच परत करायची. घराचा विमा असेल तर घर पर्यटकांना देता हे विमा कंपनीला कळवलंय का, तेही पाहा.

या सगळ्यापेक्षा जास्त उपयोगी पडणारी एक सवय सांगते. निघायच्या सकाळी काकांनी कोकम सरबत द्यायचं, निरोप घ्यायचा, आणि साध्या आवाजात विचारायचं, "काही तुटलं-फुटलं, काही चालत नव्हतं, तर सांगून जा हो. आज दुपारी दुसरी माणसं यायची आहेत, तेवढ्यात करून घेतो." आमच्याकडे हे सुरू केल्यावर लोक स्वतःहून सांगायला लागले. एकदा एका गृहस्थांनी पलंगाखालून मोडलेली रिमोटची पेटी काढून दिली आणि वर तीनशे रुपये तिथलं बघणाऱ्या काकूंच्या हातात ठेवले. ती त्यांनी रात्रीच लपवून ठेवली होती, कसं सांगावं म्हणून. विचारण्यात संशय नसला की माणसाला सांगणं सोपं जातं. सासूबाईंना ही पद्धत पटेल असं मला वाटतं.

त्या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाखाली दोन ओळी लिहा: बुकिंग सहा जणांचं होतं, नऊ जण राहिले, त्यापुढे आमची मागणी मोठी झाली असेल तर दिलगीर आहोत, आता नियम आधीच लेखी कळवतो. बास. पुढे येणारा वाचक मालक कसा उत्तर देतो ते बघतो.

राहिली झोपाळ्याची फळी. तुमच्या पत्रात तिच्याबद्दल एकच ओळ आहे, पण मला वाटतं सगळं पत्र तिच्यासाठीच लिहिलंय. सासऱ्यांनी दुपारी ज्या फळीवर पाठ टेकली, तिच्यावर अनोळखी माणसं बसली आणि ती चिरली, हे दुखणारच. त्याचा हिशोब रात्रीला इतके रुपये असा होत नाही. म्हणूनच ती वस्तू भाड्याने द्यायची नव्हती, ताई. यात तुमची चूक काढत नाही. घर उघडताना कुणालाच हे सुचत नाही, आम्हालाही सुचलं नव्हतं. माझ्या मामांची आरामखुर्ची आम्ही वेत फाटल्यावरच आत नेली.

पुढच्या वेळी सगळे मिळून गुहागरला जा, सासूबाईंना घेऊन, बुकिंग नसलेल्या दिवसांत. त्यांना घरातून फिरू द्या आणि विचारा, यातलं काय मोडलं तर तुम्हाला चालणार नाही? त्या जे दाखवतील, समई असेल, पाट असतील, भिंतीवरचा फोटो असेल, ते सगळं माजघराशेजारच्या एका खोलीत ठेवा आणि त्या खोलीला कुलूप लावा. एक खोली कमी दिल्याने भाडं थोडं कमी येईल, येऊ द्या. बाकीच्या घरात जे उरेल ते मोडलं तर दुकानातून आणता येईल असंच उरलं पाहिजे.

झोपाळ्याचं तेवढ्यावर भागणार नाही, कारण पडवीत झोपाळा नसला तर ते घर ते घर राहणार नाही. गावातल्या सुताराला बोलवा. आधी त्याला कड्या आणि तुळईतले आकडे तपासायला सांगा. खाऱ्या हवेत तेही झिजतात, आणि चिरलेल्या फळीवर उद्या कुणाचं मूल बसलं आणि पडलं तर ते कुठल्याही अनामतीने भरून येणार नाही. तोवर झोपाळा उतरवून ठेवा, आजच काकांना सांगा. पाहुण्यांसाठी नवी जाड फळी करून घ्या आणि बाजूला "एका वेळी तीन जण" एवढंच लिहा. जुन्या फळीला खालून दोन लोखंडी पट्ट्या मारल्या की ती सावकाश बसणाऱ्या माणसाला पुरेल. ती कुलपाच्या खोलीत भिंतीशी उभी करून ठेवा. गणपतीत घरची माणसं आली की नवी फळी उतरवून ती चढवायची, आणि पहिल्यांदा सासूबाईंनी बसायचं.